घरपट्टीतला 'शिक्षण कर' जातो कुठे? नवी मुंबईतल्या शाळांच्या दुरुस्तीचा पैसा कसा येतो, समजून घ्या

मालमत्ता कराचं बिल आलं की बहुतेक जण तळाचा आकडा बघतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी कुरकुर करतात आणि पैसे भरून मोकळे होतात. पुढचं बिल हातात येईल तेव्हा जरा वरच्या ओळी वाचा. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, वृक्ष, अग्निशमन अशा नावांच्या गर्दीत 'शिक्षण कर' दिसेल. शहरागणिक या ओळींची नावं थोडी बदलतात, पण ही एक असतेच. ती वाचून कुणालाही वाटेल की नाक्यावरच्या महापालिका शाळेचं गळकं छत या पैशातून दुरुस्त होत असणार.

तसं नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की शाळेच्या दुरवस्थेचा फोटो कुणी टाकला की खाली पहिली कमेंट हमखास येते, 'शिक्षण कर भरतो तो काय झाला?' प्रश्न रास्त आहे. फक्त तो चुकीच्या ओळीकडे बोट दाखवतो.

त्या ओळीचा मालक वेगळा आहे

राज्य शिक्षण कर १९६२ च्या कायद्याने लागू झाला. आज तो 'महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम' म्हणून ओळखला जातो. शहरातल्या जमिनी आणि इमारतींवर हा कर बसतो, आणि बिगरनिवासी मालमत्तांना रोजगार हमीचा उपकरही लागतो. महापालिका इथे फक्त वसुली करते. घरपट्टीसोबत पैसे गोळा करायचे आणि राज्याच्या तिजोरीत भरायचे, एवढंच तिचं काम. या वसुलीबद्दल तिला थोडा मोबदला मिळतो. गोळा केलेली रक्कम सरकारकडे वेळेत भरली नाही म्हणून राज्यातल्या नगरपालिका-महापालिकांवर लेखापरीक्षणात ताशेरेही येत असतात.

म्हणजे नेरुळच्या फ्लॅटवरचा राज्य शिक्षण कर नेरुळच्या शाळेच्या नावाने कुठे जमा होत नाही. तो राज्याच्या तिजोरीत मिसळतो. काही शहरांत महापालिकेचा स्वतःचा शिक्षण उपकरही असतो. मुंबईच्या बिलात पालिकेचा आणि राज्याचा अशा दोन वेगळ्या ओळी असतात. म्हणून बिल वाचताना 'शिक्षण' या शब्दापेक्षा त्याच्या आधी 'राज्य' लिहिलंय की 'महापालिका', हे आधी पाहावं.

मग छत कशातून दुरुस्त होतं?

महापालिकेच्या एकत्रित गंगाजळीतून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना योग्य जागा देणं त्यात येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेच्या इमारतीची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. पैसा मात्र वेगळ्या डब्यात ठेवलेला नाही. रस्ते, गटारं, दवाखाने, उद्यानं आणि शाळा सगळे एकाच ताटात जेवतात.

नवी मुंबईत हे ताट दोन गोष्टींनी भरतं. पहिली मालमत्ता कर. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार बघू लागली. शहराचा बराच भाग सिडकोने वसवलेला, मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि वाशीचा बाजार. त्यामुळे करदात्यांमध्ये घरांबरोबर कंपन्या आणि गोदामंही आहेत. दुसरी गोष्ट आपल्याला बिलात दिसतच नाही. इतर शहरांत जकात होती तेव्हा नवी मुंबईत १९९६ पासून व्यापाऱ्यांच्या हिशेबवहीवर आधारित उपकर होता. २०१३ मध्ये त्याच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा नुकसानभरपाई देतं आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची, असं २०१७ च्या कायद्यात ठरलं. थोडक्यात, तुम्ही दुकानात भरलेल्या जीएसटीचा काही भाग फिरून महापालिकेत येतो आणि त्यातलाही काही शाळेच्या भिंतीपर्यंत पोचू शकतो.

'पोचू शकतो' असं म्हणायचं कारण, तो पोचलाच पाहिजे असं बंधन नाही. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ५,७०० कोटींच्या घरातला होता. एवढ्या रकमेच्या पालिकेत शाळा गळत असेल तर कारण बहुधा पैशाची चणचण हे नसतं. तो पैसा शाळेच्या दुरुस्तीसाठी कुणी मागितला का आणि वेळेत मागितला का, हे बघावं लागतं.

करमाफीचा विषयही इथे जोडला जातो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी द्यावी असा ठराव नवी मुंबई महापालिकेत २०१९ मध्ये झाला. त्याच वर्षी मुंबईत माफी दिली गेली ती फक्त सर्वसाधारण कराला. बाकीच्या ओळी बिलात तशाच राहिल्या आणि पूर्ण माफी २०२२ मध्ये आली. यात एक गंमत आहे, आणि ती शाळेच्या अंगाने फारशी गमतीची नाही. सर्वसाधारण कर हाच पालिकेचा मोकळेपणाने वापरता येणारा पैसा असतो. तो माफ झाला आणि शिक्षण कर चालू राहिला, तर बिलात 'शिक्षण' दिसत राहतं, पण शाळेच्या छतासाठीचा खिसा हलका होतो.

मे महिन्याचं गणित

खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. काँक्रीटच्या आतली सळई गंजते, फुगते आणि छताचा गिलावा पोपडे धरून खाली येतो. हे एका रात्रीत होत नाही. म्हणूनच ३० वर्षांहून जुन्या इमारतींची बांधकाम अभियंत्याकडून तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणं कायद्याने सक्तीचं आहे.

दुरुस्तीचा प्रवास मुख्याध्यापकांच्या पत्रापासून सुरू होतो. शिक्षण विभाग ते अभियांत्रिकी विभागाकडे पाठवतो. अभियंते पाहणी करून अंदाजपत्रक बनवतात, मग प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि शेवटी ठेकेदाराला कार्यादेश. कागद कुठेही अडकू शकतो. शाळेत मोठं काम करायला खरा वेळ एकच, उन्हाळी सुट्टी. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि तोवर पाऊसही दारात असतो. म्हणजे कार्यादेश एप्रिलच्या शेवटी हातात हवा, निविदा त्याआधी, आणि अंदाजपत्रक त्याच्याही आधी. अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. त्यात तरतूद हवी असेल तर शाळेचं पत्र दिवाळीच्या आसपास जायला हवं. जुलैत छत गळल्यावर लिहिलेल्या पत्राने त्या वर्षी फार तर ताडपत्री मिळते.

मे २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं उलटून गेली तरी नवी निवडणूक झाली नव्हती. त्या काळात प्रशासक म्हणून आयुक्तांनीच अर्थसंकल्प मांडला आणि त्यांनीच मंजूर केला. कामं थांबली असं नाही. पण 'आमच्या प्रभागातल्या शाळेचं काय?' असं स्थायी समितीत उठून विचारणारा नगरसेवक नव्हता, ही उणीव छोटी नाही.

कर एकाला, छत दुसऱ्याचं

खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग बोलीभाषेत नवी मुंबईच, पण १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहेत. पालिका स्थापन झाली, मागच्या तारखेपासूनची मालमत्ता कराची बिलं आली, सिडकोला सेवाशुल्क दिलं असताना हा दुहेरी कर कशाला म्हणून रहिवासी रस्त्यावर आणि कोर्टात गेले. त्या गदारोळात एक गोष्ट कमी चर्चेत आली. पालिकेत आलेल्या गावांमधल्या पन्नासएक शाळा त्यानंतरही वर्षानुवर्षं रायगड जिल्हा परिषदेकडेच होत्या, हस्तांतराचा कागद फिरत राहिला. गावकऱ्याचा कर पालिकेला आणि शाळेचं छत जिल्हा परिषदेचं. अशा शाळेची कौलं फुटली तर पालिका म्हणणार आमची नाही, आणि जिल्हा परिषद म्हणणार तुम्ही आता शहरात.

शीळफाट्याजवळच्या १४ गावांची कहाणी याच जातीची. ती नवी मुंबई महापालिकेत होती, गावकऱ्यांच्या विरोधानंतर २००७ मध्ये वगळली गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा घेतली गेली. विरोधामागे कराचा बोजा हेही कारण होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची दुरुस्ती मुख्यतः जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, समग्र शिक्षा योजनेतून आणि जिल्हा परिषदेच्या उपकरातून होते, घरपट्टीतून नाही. समग्र शिक्षेचं वार्षिक अनुदान पटसंख्येवर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, १०० ते २५० असतील तर ५०,०००, हजारावर असतील तर १ लाख. त्यातच खडू, वीज, स्वच्छता आणि किरकोळ डागडुजी. स्लॅब त्यात बसत नाही.

खासगी शाळांचा प्रश्नच वेगळा. अनुदानित असो वा विनाअनुदानित, तिची इमारत संस्थेने सांभाळायची असते.

शाळेसाठी राखून ठेवलेला कर होता का?

होता. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेत. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला आणि त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी राखलेला असे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात या उपकराचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणाला द्यावा अशी मागणी केली. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा पूर्ण खर्च उचलावा, असंही त्यांनी सुचवलं. पैसा कष्टकऱ्यांकडून घेतला आणि उच्च शिक्षणावर उधळला, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

अमेरिकेत आजही शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे तर लोकांचं मतदान घेतात. कॅलिफोर्नियात २००० सालापासून त्यासाठी ५५ टक्के मतं पुरतात. पण तिथे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब राहते. त्या मानाने आपलं एकच ताट बरं वाटतं. वाशीतल्या दुकानाच्या करातून दिघ्याच्या शाळेचं छत होऊ शकतं, आणि सीवूड्स किंवा कोपरखैरण्यात महापालिकेची सीबीएसई शाळा उभी राहू शकते. तिकडचा पालक मतपेटीत हिशेब मागतो, इकडच्या पालकाला तो कागदावर मागावा लागतो.

कागद कुठला मागायचा?

महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळा विकास आराखडा ही समिती बनवते. छत, स्वच्छतागृह, वायरिंग हे त्या आराखड्यात लिहिलेलं नसेल तर अर्थसंकल्पात ते येण्याची शक्यता फारच कमी. समितीत नसाल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर तीन गोष्टी मागा: त्या शाळेचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीसाठी झालेली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, आणि शेवटच्या कामाचा कार्यादेश. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

तिसरा कागद सगळ्यात कामाचा. त्यात दोष दायित्व कालावधी दिलेला असतो. त्या मुदतीत छत पुन्हा गळलं, तर ते ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं.