ताजिक मधुमती : एका नावाची कुळकथा

मुलाने आपल्या आडनावाचा अर्थ विचारला, तर पालकांना बहुधा उत्तर देता येते. काझी, खतीब, मुकादम ही आडनावे हुद्द्यांवरून आली. शेवटी 'कर' असलेली बहुतेक गावांवरून. परंतु डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या एका ताम्रपटात याहून कितीतरी जुने नाव कोरलेले आहे. ते नाव म्हणजे 'मधुमती'.

हे नाव स्त्रीचे नव्हे. शके 848, म्हणजे इ. स. 926 मधील हा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यात मधुमती हा 'संयान' मंडलाचा अधिपती असल्याचे म्हटले आहे. संयान म्हणजे आजचे संजाण. तलासरी तालुक्याला लागून, गुजरातच्या हद्दीत ते वसलेले आहे. राजा दुसरा कृष्ण याने हे मंडल मधुमतीच्या हाती सोपविले होते.

ताम्रपट त्याला 'ताजिक' म्हणतो. अरबस्तानात 'तय्य' नावाची एक टोळी होती. तिच्यावरून इराणी लोक सर्वच अरबांना या शब्दाने ओळखू लागले आणि तोच शब्द संस्कृतात 'ताजिक' झाला. पंचांग जाणणाऱ्यांना तो ज्योतिषातील वर्षफलाच्या पद्धतीचे नाव म्हणूनही परिचित असेल.

मग मधुमती कोण? विद्वानांच्या मते हे 'मुहम्मद' या नावाचेच संस्कृत रूप होय. मुहम्मद म्हणजे ज्याची स्तुती केली जाते तो. लेखकाने कानी पडलेला उच्चार आपल्या अक्षरांत बसविला, आणि नावाला 'मधु' म्हणजे मधाचा गोडवा आपोआप आला. पित्याचे नाव 'सहियारहार' असे दिले आहे. ते फारसी 'शहरयार' असावे असे मानतात.

या अधिकाऱ्याने काय केले, तेही ताम्रपट सांगतो. दोन प्रवाहांवर त्याने मोफत तरीची सोय केली आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले. एका ब्राह्मणाने देवीसाठी बांधलेल्या मठिकेला त्याने राजाच्या संमतीने जमीन दिली. हे एकाकी उदाहरण नव्हे. हिजरी 304 च्या सुमारास (इ. स. 916-17) प्रवासी अल्-मसूदी चौल बंदरी आला, तेव्हा तेथे सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. राष्ट्रकूट राजे त्यांना मानाने वागवीत, असेही तो सांगतो.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा ताम्रपट वाचावयास संस्कृत लागते, मधुमतीला ओळखावयास अरबी आणि त्याच्या पित्याला ओळखावयास फारसी. तिन्हींपैकी एक भाषा जरी वगळली, तरी आपल्याच तालुक्यातील हे पान अर्धवट वाचले जाते.