जुनीच कॉपी चालत होती

"बिल्ड सिस्टिम्सवर पीएचडी, म्हणजे नक्की काय करतेस?" हा प्रश्न मला घरच्या प्रत्येक कार्यात येतो. मागच्या वेळी व्याख्येपासून सुरुवात केली तर आत्येभावाने सरळ जांभई दिली. म्हणून तुम्हाला आज गोष्टच सांगते.

१९७६. अमेरिकेतली बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे युनिक्सवरचा 'यॅक' लिहिणारा, एक दिवस शिव्या घालत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. अख्खी सकाळ तो एका प्रोग्रॅममधली चूक शोधत होता आणि प्रोग्रॅम बरोबरच होता! चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. डोळ्यांसमोर नवा कोड, मशीनवर चालतोय जुना. फेल्डमनची आदली संध्याकाळही अशाच भानगडीत गेली होती. मग त्याने 'मेक' नावाचं साधन लिहिलं. कुठली फाइल कशापासून बनते हे एका 'मेकफाइल'मध्ये लिहून ठेवायचं. मेक फाइलींच्या वेळा बघतं आणि मूळ फाइल नंतर बदललेली दिसली तर तेवढाच भाग पुन्हा बनवतं. लक्षात ठेवायचं काम माणसाकडून काढून घेतलं, बस.

(जाता जाता: मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमनला काही आठवड्यांतच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून त्याने बदललं नाही. त्या डझनभरांची सोय एम.टेक.च्या सबमिशनच्या आदल्या रात्री मला चांगलीच महागात पडली.)

मेकने एका माणसाच्या मशीनवरचा प्रश्न सोडवला. पण टीम असली की तुमचा कोड तुमच्याकडे चालतो, माझा माझ्याकडे, आणि एकत्र केले की दोन्ही कोसळतात. म्हणून नव्वदच्या दशकात केंट बेक आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाली मंडळी म्हणू लागली की कोड महिन्याने नाही, दिवसातून अनेकदा एकत्र करा. २००१ मध्ये 'क्रूझकंट्रोल' आलं. ते रेपॉझिटरीवर नजर ठेवायचं आणि कोणी नवा कोड टाकला की आपणहून बिल्ड करून टेस्ट चालवायचं. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुचीच्या कोडने बिल्ड मोडायचं आणि सहकारी वैतागायचे. तेव्हा २००४ मध्ये त्याने 'हडसन' लिहायला घेतलं, म्हणजे निदान चूक आधी आपल्याला कळेल. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावावरून वाद झाला आणि २०११ पासून बहुतेक मंडळी 'जेन्किन्स' या नव्या नावाखाली गेली.

एवढं झालं तरी शेवटची पायरी, म्हणजे तयार सॉफ्टवेअर खऱ्या सर्व्हरवर नेणं, अनेक ठिकाणी हातानेच चालू होती.

१ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर बाजारातली बडी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर कॉपी करायचा होता. तंत्रज्ञाने सातांवर केला, एक राहिला. दुसऱ्या कोणी तपासावं असा नियमच नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडने नेमका त्याचाच फ्लॅग नव्या कामासाठी घेतला होता. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि जुना कोड जागा होऊन ऑर्डरींवर ऑर्डरी सोडत सुटला. गोंधळ आवरायला लोकांनी काय करावं? सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला! आता आठही ठिकाणी जुनाच. पाऊण तासात ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि तोटा झाला ४६ कोटी डॉलरच्या वर. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच सिस्टिमने याविषयी ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्या इशारे म्हणून वाचायच्या असतात हे कोणाला सांगितलेलंच नव्हतं.

नीट बघा, ही जॉन्सनचीच सकाळ आहे. कोड दुरुस्त, पण जे चालतंय ते जुनं. फरक इतकाच की त्याची फक्त अर्धी सुट्टी-वजा सकाळ गेली, इथे कंपनीच बुडायला आली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आज बिल्ड, टेस्ट, डिप्लॉय या तिन्हींची कृती कोडशेजारी, त्याच रेपॉझिटरीत एका फाइलमध्ये लिहितात. कोड बदलला की कृतीतला बदलही इतिहासात दिसतो, आणि आठवा सर्व्हर आठवणीवर सोडावा लागत नाही. मेकफाइलचीच ही नातवंडं म्हणा ना.

पण ती कृती माणूसच लिहितो. एखादी फाइल दुसरीवर अवलंबून आहे हे लिहायचं राहिलं, तर साधन समजतं की काही बदललेलंच नाही, आणि कॅशमधली जुनी प्रत पुढे सरकवतं. स्क्रीनवर हिरवी खूण! अशी न लिहिलेली नाती आपोआप कशी हुडकायची, हे माझं पीएचडीचं काम. पद्धत पुढच्या पोस्टमध्ये सांगते. आत्येभावाला लिंक पाठवणार आहे.