काशीच्या घाटावर इंदूरचा मृदंग

गेल्या माघात, महाशिवरात्रीच्या सुमारास, सपत्नीक काशीयात्रेचा योग आला. विश्वेश्वराचे दर्शन, पंचगंगेचे स्नान सारे यथासांग झाले. परंतु मनात घर करून राहिली ती तुलसी घाटावरील एक रात्र. १९७५ पासून येथे ध्रुपद मेळा भरतो. दिवस मावळल्यावर सुरू झालेले गायनवादन पहाटेपर्यंत चालते. मेळा उभा करणाऱ्यांत संकटमोचन मंदिराच्या घराण्यातील अमरनाथ मिश्र होते आणि ते स्वतः पखवाज वाजवीत. येथे पखवाज नुसता साथीला बसत नाही, त्याचे स्वतंत्र वादनही मानाने होते, याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटले नाही.

रात्री दीडच्या सुमारास एक मध्यमवयीन वादक मंचावर आले. त्यांनी डाव्या पुडीवर ताजी मळलेली कणीक थापली, उजवीकडच्या गठ्ठ्यांवर हातोडीचे हलके ठोके देत सूर मिळवला. सारंगीवर चौतालाचा लेहरा सुरू झाला. आधी तोंडाने बोल म्हणून दाखवायचे आणि मग तेच वाजवायचे, असा क्रम. गणेश परणीची पहिली थाप पडली तेव्हा घाटाच्या दगडातून ती पायांपर्यंत आल्याचा भास झाला. तबल्याची सवय झालेल्या कानांना ही उघड्या पंजाची थाप प्रथम दांडगी वाटते. थोड्या वेळाने तबलाच नाजूक वाटू लागतो.

आम्ही हातावर ताल धरला होता. चौतालाच्या मात्रा १२. टाळी १, ५, ९ आणि ११ वर, काल ३ आणि ७ वर. दोन चक्रदार परणी निभावल्या. तिसरीत आम्ही समेच्या एक मात्रा आधीच टाळी देऊन बसलो. शेजारच्या वृद्ध काशीकरांचा हात मात्र बरोबर जागेवर पडला. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

एवढ्यात वादकांनी सांगितले, आता नानासाहेब पानसे यांच्या परंपरेतील परण. आम्ही सावरून बसलो.

नाना पानसे मूळचे वाईकडचे. घरात कीर्तनाची साथ, त्यामुळे मृदंगाचे पहिले पाठ वडिलांकडेच झाले. पुढे काशीस आले असता बाबू जोधसिंगांचे वादन त्यांनी ऐकले आणि त्यांच्यापाशीच राहून विद्या घेतली, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात होळकर दरबाराचा आश्रय मिळून ते इंदुरी स्थिरावले. झाशी आणि नंतर दतिया दरबारी असलेले कुदऊसिंग हे त्या काळचे दुसरे मोठे नाव. त्यांचा बाज भारदस्त, जोरकस. पानशांचा स्वच्छ, गोड, द्रुत लयीतही अक्षर न अक्षर वेगळे ऐकू येणारा. दोघांच्या चढाओढीच्या दंतकथा पुष्कळ आहेत. आम्हांस त्यांपेक्षा पानशांचे अध्यापन अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी विद्या राखून ठेवली नाही. सखारामपंत आगळे इंदुरात, वामनराव चांदवडकर हैदराबादेत. सखारामपंतांचे चिरंजीव अंबादासपंत आणि शिष्य गोविंदराव बऱ्हाणपूरकर, ही सारी त्याच वृक्षाची फांदी. गोविंदरावांनी तर 'मृदंग तबला वादन सुबोध' लिहून ही विद्या छापखान्यापर्यंत नेली. वाईचा कीर्तनकारी मृदंग काशीच्या संस्काराने घडला, इंदुरात घराणे झाला आणि तेथून गावोगाव गेला. आपल्या पूर्वजांच्या स्थलांतराची वाट याहून फारशी निराळी नव्हती.

वादन संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी आम्ही कोठले ते विचारले. इंदूरचे, म्हणताच त्यांनी हात जोडले व विचारले, "नानासाहेबांचे घर इंदुरात कोणत्या भागात होते?" आम्ही जन्माने इंदूरचे. राज्य शासनाच्या सेवेत जिल्ह्याजिल्ह्यांचे जुने कागद चाळण्यात उमेद गेली. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. तो प्रश्न पूर्वी कधी आमच्या मनातही आला नव्हता, याची लाज अधिक वाटली.

घरी परतल्यावर माळा उघडला. आजोबांच्या वेळी रामनवमीच्या कीर्तनास आमच्या घरी मृदंग असे, एवढे ऐकून ठाऊक होते. खोड सापडले; वाद्या वाळून तुटलेल्या, एक पुडी उंदरांनी खाल्लेली. त्याच पेटाऱ्यात मोडीतली एक वही होती. पहिल्या पानावर 'धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन' हा चौतालाचा ठेका आणि पुढे चाळीसेक पाने बोलच बोल. ती पानसे परंपरेतील आहे असे म्हणण्यास तूर्त काही आधार नाही. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून तिचे लिप्यंतर चालू आहे. निम्मी पाने झाली. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी मंडळास कळवावे, ही विनंती. आणि नानासाहेबांच्या घराचा ठावठिकाणा कोणास माहीत असेल, तर तोही. काशीस पत्र पाठवायचे राहिले आहे.