न मागितलेली रजा

खजिना आटला म्हणजे सरकारचा हात नोकरांच्या वेतनाकडे जातो, ही काही आजची गोष्ट नव्हे. शाहजहानच्या कारकीर्दीत जहागिरीचे प्रत्यक्ष उत्पन्न कागदावरच्या वेतनाला पुरेनासे झाले, तेव्हा मोगल मनसबदारांसाठी वर्ष बारा महिन्यांचे आणि वेतन मात्र आठ किंवा सहा महिन्यांचे, असा हिशेब रूढ झाला. पण त्यात एक न्याय होता. वेतनाचे महिने घटले की मनसबदाराने पदरी बाळगायच्या स्वारांची संख्याही घटे. दाम कमी, तर कामही कमी.

हा जुना हिशेब मला आठवतो तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या एका प्रकरणामुळे. सप्टेंबर १९९० मध्ये १३० पैकी ७४ जागा जिंकून न्यू डेमोक्रॅटिक पक्ष तेथे प्रथमच सत्तेवर आला. हा पक्ष कामगार संघटनांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याचे पुढारी बॉब रे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. पण मंदी आधीच दारात येऊन बसली होती. कारखाने बंद पडत होते, करांचे उत्पन्न घटत होते आणि निराधारांना द्यायची मदत वाढत होती. १९९१ च्या अंदाजपत्रकात सुमारे १० अब्ज डॉलरची तूट पत्करून मंदीला तोंड देण्याचा प्रयत्न झाला. दोन वर्षांनी, काहीच केले नाही तर तूट १७ अब्जांवर जाईल असा अंदाज पुढे आला आणि मंत्रिमंडळाचे धाबे दणाणले.

रे यांनी तीन उपाय योजले: खर्चात काटछाट, करवाढ आणि सार्वजनिक नोकरांच्या पगारातून २ अब्ज डॉलरची बचत. या तिसऱ्या उपायाला नाव दिले 'सामाजिक करार'. रूसोच्या १७६२ च्या ग्रंथाचे हे नाव. त्यातला करार संमतीवर उभा असतो. येथे एप्रिल १९९३ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, जूनमध्ये संघटना उठून गेल्या आणि जुलैमध्ये 'करारा'चा कायदाच झाला!

सरकारी कचेऱ्या, शाळा, इस्पितळे, नगरपालिका, विद्यापीठे मिळून सुमारे नऊ लाख माणसे त्याच्या कक्षेत आली. पगारवाढ तीन वर्षे गोठली. ज्या ठिकाणी आपसांत तडजोड होणार नाही तेथे वर्षाला १२ दिवसांपर्यंत बिनपगारी रजा लादण्याची मुभा मिळाली. वर्षाला ३० हजार डॉलरहून कमी मिळवणाऱ्यांना यातून वगळले. लोकांनी या सक्तीच्या सुट्यांना 'रे डे' असे नाव ठेवले.

रे यांची बाजू दुबळी नव्हती, असे मला वाटते. कामाचे दिवस वर्षाला २६० धरले, तर बारा दिवस म्हणजे शेकडा पाचांहूनही कमी. काहींना घरी पाठवण्यापेक्षा सर्वांनीच एकेक घास कमी खावा, हा विचार माणुसकीचाच होता. परंतु शाहजहानच्या हिशेबातला तो न्याय येथे हरवला. परिचारिकेला रजा मिळते म्हणून रोगी आजारी पडायचा थांबत नाही; कारकून घरी बसला म्हणून टेबलावरचे कागद कमी होत नाहीत. दाम घटले, काम तेवढेच राहिले.

त्याहून खोल जखम निराळीच होती. रीतसर सह्या झालेले वेतनकरार कायद्याने उघडले गेले, आणि तेही आपल्या माणसांकडून. याच मंत्रिमंडळाने सरकारी नोकरांना संपाचा हक्क मिळवून दिला, ही केवढी विसंगती! कॅरन हॅझलम यांनी मंत्रिपद सोडले. नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रांताच्या कामगार महासंघाने पक्षाचा पाठिंबा काढून घेतला. पोलाद कामगारांसारख्या काही संघटना मात्र पक्षाशी एकनिष्ठ राहिल्या, आणि म्हणून भिंत कामगारांच्या घरातच उभी राहिली.

जून १९९५ च्या निवडणुकीत पक्षाच्या हाती अवघ्या १७ जागा उरल्या. सत्तेवर आले माइक हॅरिस यांचे काँझर्व्हेटिव्ह सरकार. त्याने रजेचा आडपडदा ठेवला नाही. हजारो जागाच कमी करायला घेतल्या. १९९६ मध्ये ऑन्टॅरिओच्या सरकारी नोकरांनी पाच आठवडे संप केला, तो त्यांना रे यांच्या काळात मिळालेल्या हक्काच्या बळावर. नोकऱ्या वाचवण्याची रे यांची तळमळ खोटी नव्हती, हे त्या वेळी अनेकांना उमगले असेल. पण वेळ निघून गेली होती.

या प्रकरणातून मी एवढेच काढतो: बिनपगारी रजा ही नोकरकपातीपेक्षा सौम्य खरी, परंतु तिचा सौम्यपणा संमतीवर अवलंबून असतो. भुकेच्या दिवसांत घरातली माणसे आपण होऊन ताटातला घास बाजूला ठेवतात. तोच घास कोणी हात धरून काढून घेतला, तर भूक तेवढीच राहते, पण घर पहिल्यासारखे राहत नाही.