सायलेन्सर-नळी, जुन्या मोटारीची
एंजिनातील दग्ध वायू मोटारीच्या पिछाडीस वाहून नेणारी नळी. पेट्रोलच्या ज्वलनात उत्पन्न होणारी वाफ थंड नळीत साकळून पोलादास आतूनच गंज चढत असल्याने, २०२३ च्या जानेवारीत बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्यातील जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या तशा, क्वचितच रस्त्यावर येणाऱ्या मोटारींत ती लवकर निकामी होते. तयार नळी न मिळाल्यास बडोद्यातीलच मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी जुना नमुना हवाली करून ती घडवून घेणे इष्ट. तुकडे जोडून केलेली डागडुजी मात्र फुकट खर्चाची बाब होय. जुनी नळी काढताना, ती एंजिनास जेथे जोडलेली असते त्या मॅनिफोल्डचे गंजलेले नट जबरदस्तीने फिरविल्यास स्टड तुटतात, सबब त्यांस आदल्या रात्री तेल पाजतात. नवे नट पितळी असावेत. गॅस्केट नवेच घालून, सर्व जोड प्रथम सैल ठेवून, एंजिन हेलकावले तरी नळी चॅसिसला घासत नाही याची खातरजमा झाल्यावरच क्लॅम्प पुढून मागे आवळीत जाण्याचा शिरस्ता आहे.