पर्मनंटची लेकरं

जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीत वाढलेल्या पोरांना माणसांची एक विभागणी फार लवकर कळते: पर्मनंट आणि ठेक्यावरचे. माझे बाबा पर्मनंट. त्यामुळे 2008 नंतर आमच्या घरी जून महिना पावत्यांचा असायचा. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्याला मुलामागे वर्षाला 12,000 रुपयांपर्यंत शिक्षण भत्ता मिळू लागला. तोही दोनच मुलांसाठी, आणि पावती असेल तर. फी, पुस्तकं, वह्या, गणवेशाचे दोन जोड, बुटांचा एक. दुकानदारानं साध्या कागदावर हिशेब लिहून दिला की बाबा मला परत पाठवायचे, "पक्कं बिल आण." माझ्या एका मित्राचे वडील ठेकेदाराकडे होते. त्याचे बूट त्याच दुकानातले, त्याच मापाचे. त्याच्या पावतीला मात्र काही किंमत नव्हती.

हे सगळं आठवलं ते 2025 मध्ये, ब्रिटनमध्ये मुलीसाठी चाइल्ड बेनिफिटचा अर्ज भरताना. 2020 साली मी नोकरीच्या व्हिसावर इथे आलो. त्या व्हिसाला एक अट असते: नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स. म्हणजे कर भरा, सरकारी भत्ते मागू नका. मुलगी इथेच जन्मली, पण आई-वडिलांपैकी एकही नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला नसेल, तर 1983 पासून इथे जन्मलेलं मूल आपोआप ब्रिटिश होत नाही. पाच वर्षांनी मला तो हक्क मिळाला. कागदावर आयएलआर, आपल्या लोकांच्या तोंडी पीआर. पर्मनंट!

या भत्त्यामागे एलिनॉर रॅथबोन नावाच्या बाईंची चिकाटी आहे. 1924 साली त्यांनी 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहिलं. मजुरी ठरते ती कामावरून, घरात खाणारी तोंडं किती हे बघून नाही. आणि मूल वाढवणाऱ्या बाईच्या हातात तर काहीच पडत नाही, हा त्यांचा मुद्दा. (पुढे त्यांनी भारतातल्या बालविवाहांवरही पुस्तक लिहिलं.) वीसेक वर्षं त्या हेच मांडत राहिल्या. 1945 मध्ये कायदा आला तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते. खासदार असलेल्या रॅथबोन यांनी संसदेत हट्ट धरून ते आईच्या नावे करून घेतले. जानेवारी 1946 मध्ये त्या वारल्या. पहिला भत्ता वाटला गेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. आठवड्याला 5 शिलिंग, पहिलं मूल सोडून.

1977 पासून त्याच्या जागी चाइल्ड बेनिफिट आलं. पहिलं मूलही त्यात धरलं गेलं. पण त्याआधी मुलांसाठी आयकरात सूट मिळायची, आणि पंजाबात किंवा सिल्हेटमध्ये राहिलेल्या मुलांसाठीही गिरणीतला कामगार ती मागू शकत असे. नव्या योजनेत मूल ब्रिटनमध्येच हवं. करसूट टप्प्याटप्प्यानं गेली, आणि दूरच्या लेकरांचं नाव हिशेबातून उतरलं. या बदलाचा गौरव फार होतो, पण ही बाजू मी बरीच शोधल्यावर सापडली.

2025-26 मध्ये पहिल्या मुलाला आठवड्याला 26.05 पौंड मिळत होते. पगार 60,000 पौंडांच्या वर गेला की करातून ते परत कापू लागतात, 80,000 ला सगळे जातात. मागचे पैसे मिळाले तर फार तर तीन महिन्यांचे.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना ते पटलं नाही. "आपल्याले कमी पडते का रे? सरकारचे पैसे कायले मांगतं?" मी म्हटलं, तुम्ही माझ्या बुटांचे पैसे मागायचेच की. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "बिलं लागतात का?"

"नाही."

"मंग सुनेच्या नावानं कावून नाही केला अर्ज?"

प्रश्न थेट रॅथबोनबाईंचा होता. पण बायको 2022 मध्ये आली, माझ्या व्हिसावर. तिला ती अट अजून लागू आहे, म्हणून पैसे बापाच्याच खात्यात येतात. तिची पाच वर्षं 2027 मध्ये भरतील. मे 2025 मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढली, त्यात पाचाची दहा करायचा प्रस्ताव आहे.

"म्हणजे ते ठेक्यावर हाये," बाबा म्हणाले.