शनिवारवाडा : पेशवे घराण्याचे निवासस्थान आणि राज्यकारभाराचे केंद्र

प्रस्तावना
मराठेशाहीच्या इतिहासलेखनात पुण्याच्या शनिवारवाड्याचा उल्लेख बहुधा सत्ताकेंद्र म्हणून अथवा नारायणराव पेशव्यांच्या वधाचे स्थळ म्हणून केला जातो. तथापि ही वास्तू मूलतः कोकणातील श्रीवर्धन येथून देशावर आलेल्या भट घराण्याचे राहते घर होती. घर आणि राज्यकारभार एकाच तटाच्या आत नांदल्यामुळे घरातील कलह राज्याचा कलह कसा ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाड्याची उभारणी
बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. १७२० मध्ये सासवड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी वास्तव्यासाठी पुण्याची निवड केली. १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवार होते. मूळ बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. नानासाहेबांच्या कारकिर्दीत वाड्याचा मोठा विस्तार झाला. पुढे सवाई माधवरावांसाठी हजारी कारंजे उभारले गेले. पिढीगणिक वाडा वाढला, तसा कारभारही वाढला. मुंजी, सणवार, दरबार आणि वकिलांच्या भेटी यांना एकच छप्पर होते.

गृहकलहाचे राजकीय परिणाम
या एकत्र नांदण्यातील धोका ३० ऑगस्ट १७७३ रोजी स्पष्ट झाला. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत असताना गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. सामान्य घरात हा भाऊबंदकीचा प्रसंग ठरला असता. येथे मात्र पेशवेपदाचा वारसाच वादात सापडला. बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारभार हाती घेतला, गंगाबाईंना पुरंदरावर ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे इंग्रजांशी तह केला व त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. घरातील तंटा मिटविण्यासाठी परक्याची मदत घेतल्याने राज्याचे दार त्यास खुले झाले.

निष्कर्ष
१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. दुसरे बाजीराव १८१८ मध्ये शरण आल्यावर त्यांची रवानगी ब्रह्मावर्तास झाली. राज्य गेले त्याच वेळी घरही गेले. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. घराण्याच्या कारभाराचा तपशील मात्र पेशवे दप्तरात टिकून राहिला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले आहेत. उरलेली जोती आणि हे कागद एकत्र वाचल्यास शनिवारवाडा केवळ एका वधाचे स्थळ राहत नाही. खासगी नाते आणि सार्वजनिक सत्ता यांत सीमारेषा नसल्यास राज्यसंस्थेला कोणती किंमत मोजावी लागते, याचा तो पुरावा ठरतो.